ताईला काढायचा नियम

माझी थोरली बहीण काही वर्षं एका सभागृहाची उपाध्यक्ष होती. कुठल्या सभागृहाची ते लिहीत नाही. तिला आवडणार नाही. आम्ही काळाचौकीच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते, आई घरी खानावळ चालवायची. ताई राजकारणात आली ती नळावरची भांडणं सोडवता सोडवता. भांडणाऱ्या दोघींना आधी गप्प करायची, मग एकेकीला बोलू द्यायची. पुढे त्या उंच खुर्चीवर बसूनही तिने तेच केलं. स्वतःच्या पक्षाच्या माणसालासुद्धा "खाली बसा" म्हणायला कचरली नाही. त्यामुळे तिथे तिच्यावर कोणाचं फार प्रेम नव्हतं, पण बोट ठेवायला जागाही नव्हती.

मग सत्ता बदलली. नव्या लोकांना त्या खुर्चीवर आपला माणूस हवा होता. पण तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे उपाध्यक्षाला काढायचं तर ठरावात ठोस आरोप लिहावे लागत आणि त्यांवर चर्चा व्हावी लागे. ताईविरुद्ध लिहिणार काय? म्हणून त्यांनी आधी नियमच बदलायला घेतला. आरोपांची अट काढून टाकायची. बहुमताला नकोशी झाली, एवढं कारण पुरे.

ती दुरुस्ती आली त्या दिवशी अध्यक्ष आजारी होते, म्हणून खुर्चीवर ताई होती. मी परळच्या शाळेतून शिकवून नुकतीच घरी आले होते. आई आणि मी टीव्हीसमोर बसलो. प्रचंड आरडाओरडा चालला होता. ताईने घंटा वाजवली, ज्याला बोलायचं होतं त्याला बोलू दिलं, आणि मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

भिंती हलतील असा 'होय' आला.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे."

तो आवाज लहान होता.

"होयचे बहुमत. दुरुस्ती संमत झाली आहे." तिने कागद उलटला आणि पुढचा विषय पुकारला.

संध्याकाळी ती आईकडे आली. आईचं तोंड दुपारपासून चालूच होतं. सत्तर वर्षं मुंबईत काढली तरी रागावली की ती मालवणीतच बोलते.

"तुका काढूचो नियम, आणि तो तूच पास केलंस?"

"मी नाही केला, आई. त्यांनी केला. मी फक्त ऐकू आलं ते सांगितलं."

"मगे ऐकूक इला नाय म्हणाचा!"

"पण ऐकू आलं होतं ना गं."

आई भाकऱ्या थापायला उठली.

लवकरच ताईला काढायच्या ठरावाची नोटीस आली. नोटिशीनंतर दोन आठवडे थांबावं लागतं. ते राज्यघटनेतच लिहिलेलं, म्हणून तेवढं मात्र त्यांना बदलता येत नव्हतं. त्या दिवसांत ताई रोज कामाला जात होती, आणि बेचैन मीच होते. तिला न सांगता मी दादरच्या एका वकिलांना भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"सभागृहाने आपलं कामकाज कसं चालवावं यात कोर्ट सहसा पडत नाही," ते म्हणाले. "बरं, तुम्ही कोण यांच्या?"

"बहीण."

"बहिणीला यात काहीच करता येणार नाही, बाई."

सत्तेतले एक सदस्य आमच्या ओळखीचे होते. आमच्या गणपतीला दोनदा घरी जेवून गेलेले. त्यांना फोन केला. ते बराच वेळ माझ्याशी माझ्या शाळेबद्दलच बोलले. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "ताईंबद्दल मला आदरच आहे हो. पण वरून आदेश आहे. माझ्या हातात काय आहे?" फोन ठेवल्यावर वाटलं, मग हे आहे तरी कोणाच्या हातात?

ठरावाच्या दिवशी आई हट्टाने माझ्याबरोबर आली. प्रेक्षकांच्या सज्जात जाण्याआधी आमचे फोन, पिशवी, आईची पानाची चंचीसुद्धा काढून घेतली. आत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावर वाकायचं नाही, असं महिला पोलिसाने बजावलं. स्वतःविरुद्धच्या ठरावाच्या वेळी खुर्चीवर बसता येत नाही, म्हणून तिथे दुसरेच एक सदस्य होते आणि ताई खाली बाकावर, इतरांसारखी. इतक्या वरून तिच्या टाळूवरचे विरळ झालेले केस मला पहिल्यांदा दिसले.

ठराव मांडणाऱ्याने सुरुवातीलाच सांगितलं की उपाध्यक्ष महोदयांविषयी त्यांची वैयक्तिक तक्रार नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली. मग ताईला पंधरा मिनिटं दिली. ती उभी राहिली.

"सन्माननीय सदस्यांनी आत्ताच सांगितलं की माझ्याविषयी तक्रार नाही," ती म्हणाली. "मग मी उत्तर कशाला देऊ? माझा उरलेला वेळ पुढच्या विषयाला द्यावा." आणि खाली बसली.

आई ताडकन उठली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. महिला पोलिसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, बसा ना. मला बोलणी खावी लागतील." आई बसली. मला फक्त तिचा हात धरून ठेवता आला.

ठरावाच्या बाजूचे सदस्य आपापल्या जागी उभे राहिले. आमच्याकडे जेवून गेलेलेही राहिले, मान खाली घालून. मोजायचीसुद्धा गरज नव्हती, तरी मोजणी झाली. ठराव संमत झाल्याचं सांगून खुर्चीवरच्या सदस्यांनी पाणीपुरवठ्यावरची चर्चा सुरू केली. ताई तिथेच बसून ती ऐकत राहिली. आम्ही दोघी टॅक्सीने घरी आलो. वाटेत आई एवढंच म्हणाली, "माका उभ्यानंसुद्धा दोन शब्द बोलूक देऊक नाय."

त्यानंतर वर्षभर गेलं असेल. त्या खुर्चीवर आता त्यांचा माणूस होता, आणि त्यांच्यातच फूट पडायची चिन्हं दिसायला लागली होती. तेव्हा त्यांनीच पुन्हा दुरुस्ती आणली: उपाध्यक्षाला काढायचं तर ठरावात ठोस आरोप हवेत. जुनाच नियम, शब्द थोडे वेगळे. ताईच्या पक्षाचे लोक चवताळून उठले, "आता यांना कळेल" म्हणून विरोधात ओरडले. टीव्हीवर मला ताई दिसली. मतं मोजली तेव्हा ती 'होय'च्या बाजूने उभी होती, आपल्या पक्षाच्या बाकांवर एकटीच.

रविवारी ती जेवायला आली तेव्हा मी विचारलं, "त्या माणसाची खुर्ची तू वाचवलीस?"

"नियम बरोबर आहे गं," ती म्हणाली. "आधीही बरोबरच होता."

"आणि तुझं काय?"

ती माशाचा काटा काढत होती. तो ताटाच्या कडेला ठेवून तिने आईकडे आणखी भात मागितला.