शेणाचाच वास

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मालवाहू गाड्यांच्या डेपोचे मॅनेजर. वरच्याला शिंक आली की हे रुमाल काढणार, आणि खालच्याला ताप आला की त्याची सुट्टी कापणार. डेपोत आधी त्यांचं पोट येतं, मग दाजी. ज्ञान सगळ्या विषयांतलं, आणि सगळंच ऐकीव. मी ताईकडेच राहतो. ड्रायव्हरची नोकरीही दाजींनीच लावून दिली, आणि ही गोष्ट त्यांनी मला एक दिवस विसरू दिलेली नाही.

डिझेलचा धूर कमी करायचा असं हेड ऑफिसच्या मनात आलं. शेण आणि हॉटेलांतलं खरकटं कुजवून काढलेल्या गॅसवर एक डिलिव्हरी ट्रक चालवून बघायचं ठरलं. रस्ता तोच, माल तेवढाच, जोडीला एक डिझेलची गाडी. दोन्हींचा खर्च आणि धूर मोजायचा. ही चाचणी बिनतक्रार पार पडली तर दाजींना हेड ऑफिसात खुर्ची मिळणार होती. त्यामुळे 'बिनतक्रार' हा शब्द त्यांनी फारच मनावर घेतला. गॅसची गाडी त्यांनी माझ्या हाती दिली. घरचा माणूस तोंड उघडणार नाही, हा हिशोब.

गाडी गुणी निघाली. आवाज कमी, चढावर दम टिकायचा, मागे काळा धूर नाही. पण थोड्या दिवसांनी केबिनमध्ये सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. डोकं धरायचं. मी दाजींच्या कानावर घातलं.

"अरे, शेणाचा गॅस तो. त्याला काय गुलाबाचा वास येणार?"

"आधी येत नव्हता, दाजी."

"आधी तुझं नाक चोंदलं असेल. आणि हे बघ, याची कुठे वाच्यता नको."

मग या थोर पुरुषाने उपाय काय केला? आरशाला लिंबाच्या वासाच्या पुड्या टांगल्या! लिंबू आणि सडकं अंडं असा दुहेरी दरवळ घेऊन मी दुकानोदुकानी खोकी उतरवत होतो. घरी ताई माझा शर्ट लांबूनच उचलायची.

"अहो, एकदा कुणाला तरी दाखवा ना ती गाडी," ती म्हणायची.

"तुला इंजिनातलं काय कळतं?" दाजी फिस्कारायचे. त्यांना स्वतःला इंजिन पुढे असतं एवढं कळत होतं.

शेवटी पाहणीचा दिवस उजाडला. हेड ऑफिसचे बडे साहेब आले, सोबत गॅस कंपनीच्या इंजिनिअर बाई. कडक इस्त्रीतले दाजी फोटोसाठी माझ्या शेजारी केबिनमध्ये चढून बसले. गाडी माझ्या बाजूने भिंतीला चिकटून उभी होती. मी चावीला हात घातला तेवढ्यात बाई दाजींच्या दाराशी येऊन थबकल्या.

"हा वास कसला?"

दाजींची छाती फुगली. "शेणाचाच, मॅडम! एकदम अस्सल."

"शेणाचा वास आम्ही प्लँटमध्येच काढून टाकतो," बाईंचा आवाज चढला. "हा वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. चावी फिरवू नका! उतरा आधी!"

एवढ्या देहात एवढी चपळाई असेल असं मला वाटलं नव्हतं. दाजींनी उडी टाकली, दार धाडकन लावलं आणि गेटकडे धूम ठोकली. माझ्या बाजूला भिंत. मला त्याच दाराने उतरायचं होतं, आणि ते आतून उघडेना. आपटल्याने खटका अडकला होता, मी खांद्याने धक्के देत राहिलो. बाईंनी बाहेरून ओढून उघडलं आणि मला खाली घेतलं.

सिलिंडरच्या नळीचा एक सांधा ढिला झाला होता. तो घट्ट केला, वास गेला, चाचणी पुढे सुरू राहिली. गॅस बिचारा केव्हापासून सांगत होता.

संध्याकाळी जेवताना दाजींनी प्रसंग रंगवायला घेतला. गळती त्यांनीच ओळखली होती म्हणे, आणि मलाही त्यांनीच वाचवलं. ताईला मी सगळं आधीच सांगितलं होतं. तिने त्यांना पुरतं बोलू दिलं.

"अहो, उतरताना दार का लावलंत?"

"सवयीनं," दाजी म्हणाले. "गाडीचं दार उघडं टाकू नये."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईच्या तोंडून त्यांच्यासाठी 'अहो'शिवाय दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

"माझा भाऊ आत होता," ती म्हणाली, "आणि तू दार लावलंस."