सवतींचं रविवारचं जेवण
परवा दवाखान्यात इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासासरशी मला माझ्या सवती आठवल्या. पुरुषाला कसल्या सवती म्हणाल, तर माझी बायको गोरेगावच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या आणि उंदराच्या पेशी वाढवायची. चपट्या बाटल्यांत, अन्नाच्या गुलाबी पाण्यात. आमच्या लग्नाचा वाढदिवस रविवारी आला, मी हौसेने सुरमई आणली, आणि ही चप्पल अडकवत म्हणाली, "आज खायला घातलं नाही तर मरतील रे त्या." "आणि मी?" "तुला फ्रिज उघडता येतो." जळफळत मीही बरोबर गेलो. तिने मला दाराशीच उभं केलं, स्वतःच्या हातांवर स्पिरिट मारलं आणि एकेक बाटली उजेडात धरून अशी निरखली, की साखरपुड्यातही माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "पाणी पिवळं पडलंय बघ, भुकेल्यात बिचाऱ्या." "उंदराच्या ना?" मी खवचटपणे विचारलं. "नाही, माणसाच्या. उंदराच्या एवढे नखरे करत नाहीत." नवं पाणी घालून झाल्यावर बाहेर आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि तश्शीच निरखत म्हणाली, "पिवळा पडलायस. चल, आधी खाऊन घे काहीतरी." आता रविवारी तिची विद्यार्थिनी जाते आणि बाटल्यांचे फोटो पाठवते. बायको सोफ्यावर बसून ते बोटांनी मोठे करून करून पाहते, आणि मी मुद्दाम समोरच्या दिव्याखाली जाऊन बसतो.