बिनडोळ्यांची गाडी

रोह्याजवळच्या वरसेतल्या घरी ओट्यावर बसून वाल सोलत होते, तेव्हा पेणहून भावजयीचा फोन आला. "हे गेले हो, वन्सं..." महिना होऊन गेला त्याला.

बाळू, माझा धाकटा भाऊ. पेणच्या गणपती कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा. पण जीव अडकलेला अमेरिकेतल्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांत. रद्दीतून आणलेली इंग्रजी मासिकं उशाशी घेऊन झोपायचा. "ताये, साधी दुकानातली गाडी गो. मागची सीट काढायची, आत पाइपांचा पिंजरा जोडायचा आणि रविवारी शर्यतीत सोडायची. जिंकली की सोमवारी दुकानात झुंबड!" मी म्हटलं, "त्यात काय मोठं? शर्यत मारलेल्या बैलाचा भाव आपल्याकडं पण वाढतो." "व्हय, पण हिच्या इंजिनात आठ सिलिंडर, म्हणजे आठ बैल हायत, आणि आठही माजलेले!"

नव्वदच्या आसपास रोह्यातल्या एका शेठच्या बंगल्यावर तो गणपती पोचवायला गेला आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली त्याला मासिकातली ती अमेरिकन गाडी, मस्टँग दिसली. गंजलेली, उंदरांनी सीट कुरतडलेली. शेठ हसून म्हणाले, "चालू करून दाखव, पहिला फेरा तुझा." झालं! दर रविवारी एसटीनं स्वारी रोह्यात, दुपारी जेवायला माझ्याकडं, नखांत काळं ग्रीस. दिव्याभोवतीची कडी कुठं मिळेना, तर पठ्ठ्यानं ती शाडूत घडवली, प्लास्टरचा साचा काढला आणि ओतारीकडून ॲल्युमिनियमची ओतून घेतली. यातच काही वर्षं गेली, तेव्हा कुठं गाडी चालू झाली.

फेऱ्याच्या रविवारी मी कशी गेले म्हणता? चाळिशी उलटलेली बाई, जरीची साडी, डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल, हातात आरतीचं तबक! बाळू मला नागोठण्यापर्यंत नेणार म्हणून आळीभर सांगून ठेवलेलं. गाडीतून लोकांना हात कसा करायचा, याची आरशासमोर तालीमसुद्धा केलेली, शहाणीनं. बंगल्यापुढं गाडीला हार घातलेला आणि स्टिअरिंगवर शेठचे मुंबईचे जावई. मला वाटलं, हौसेनं बसून बघत असतील. म्हणून मी त्यांनाच ओवाळलं! गाडी काही सुरू होईना. शेठ बाळूवर खेकसले, "बघतोस काय? धक्का मार." त्यानं मारला. गाडी गुरगुरली, फाटकाबाहेर पडली, ती थेट मुंबईला. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं. मी भडकले, "अरे, तोंड हाय का नाय तुला?" बाळू रस्त्याकडं कान लावून उभा. "दुसरा गिअर उशिरा टाकला गो त्यानं..." एवढंच म्हणाला. त्यानंतर रविवारचा तो माझ्याकडं कधी जेवायला आला नाही.

तेराव्याला भाच्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळावा, त्यात तीच मस्टँग, शेजारी कुणी तिसराच मालक. गाडी जपल्याबद्दल त्याचा सत्कार म्हणे! दिव्याची कडी तेवढी मी ओळखली.

निघताना भावजयीनं बाळूनं केलेली शाडूची मस्टँग माझ्या ओटीत ठेवली. हातभर लांब, सगळं जागच्या जागी, चाकंसुद्धा फिरणारी, फक्त पुढचे दिवे कोरे. मागं एकदा मी विचारलं होतं, "हिचे डोळे का नाय काढलेस रे?" ब्रश धुताधुता म्हणाला होता, "डोळे शेवटी काढायचे ताये, मूर्ती न्यायला माणूस आला की. ही जाते कुठं?"

आता ती माझ्या कपाटावर असते. सकाळी धूळ पुसताना मी तिला मागून बोटानं धक्का मारते. कपाटाची कड आली की पुन्हा मागं घेते.