बाजींचे कप्पे

“अगं बाई, ही एवढी लंबी शिडी कुणाची?”

माझ्या खुर्चीमागून आवाज आला. शिडी माझ्याच कोडची होती, अटीखाली अट अशी स्क्रीनभर उतरत गेलेली: हुकूम ‘चालू’ असेल तर हे कर, नाहीतर ‘हळू’ असेल तर ते कर, नाहीतर ‘थांब’ असेल तर... त्यात आदल्या दिवशी एक नवी अट घुसवली आणि चाचणीत ‘थांब’ म्हटले तरी मशीन थांबेना. मी कर्सर वरखाली फिरवत राहिले. मी बहुतेक गप्पच असायचे.

“लई सोसलंस,” म्हणत त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या.

या बाजी. त्यांच्या घरी मोठ्या बहिणीला म्हणतात तसे चिकलठाण्याच्या कारखाने-वस्तीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात साहेबसुद्धा त्यांना बाजीच म्हणत. कारखान्यातला ऑपरेटर असे छोटे हुकूम टाइप करायचा, पत्रा दाबणारे प्रेस मशीन ते ऐकायचे. मधले सॉफ्टवेअर आमचे.

त्यांच्या वडिलांचे गुलमंडी बाजारात कापडाचे दुकान. “अब्बा दर कप्प्याला विचारत फिरतात का, तुझ्यात अस्तर हाय का म्हणून? नाय ना. नाव घेतलं की हात तिथंच जातो.” बोलता बोलता त्यांनी एकेका हुकमाचा स्वतंत्र क्लास, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा केला आणि नावासमोर ते काम करणारे ऑब्जेक्ट अशा यादीत, म्हणजे डिक्शनरीत, सगळे मांडले. शिडी गेली. उरल्या दोन ओळी: नाव शोध, सापडेल त्यालाच काम सांग. कॉलेजात या पद्धतीची व्याख्या मी इंग्रजीत पाठ केली होती. चालताना आज पाहिली.

“आणि भलताच शब्द आला तर?” मी कसेबसे विचारले.

“त्याचाबी कप्पा. गिऱ्हाइकाला नाय म्हणायचं, पण नीट.”

नवा हुकूम लिहिण्याआधी बाजी कारखान्यात जाऊन ऑपरेटरशेजारी उभ्या राहत. त्यांनी कधी कारण सांगितले नाही. मीही त्यांच्यासोबत जाऊ लागले.

मग त्यांना पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी नवे टीम लीड म्हणाले, “बाजी, एवढे तुकडे कशाला? सोमवारपासून सगळं एका फाइलीत, इफ-एल्सच्या एका शिडीत घेऊ. वाचायला सोपं.”

बाजींचे सगळे काम एका वाक्यात मोडीत निघत होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी चहाचा घोट घेतला.

“हिला विचारा. आता हे हिचं हाय.”

टेबलाची कड घट्ट धरून मी म्हणाले, “नाही सर. नवा हुकूम आला म्हणून ‘थांब’च्या कोडला हात लागायला नको. मशीनपुढे माणूस उभा असतो.”