हिरानं मागितलेली माफी

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. घरात नाही, बाहेर नाही. आणि आता लिहिते आहे ती मन हलकं करायला नव्हे — मला झोप नीट लागते. पण गेल्या महिन्यात मंडळानं माझा सत्कार केला, ‘बाईंनी मुलींना खरं बोलायला शिकवलं’ असं भाषणात म्हटलं, आणि मी ते मान हलवत ऐकून घेतलं. ते काही मला पटलं नाही.

परळला आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत मी संध्याकाळी मुलींचा वर्ग चालवते. नावाला शिवणाचा. शाळा सुटलेल्या, आया गिरणीत, बाप असले तर गुत्त्यावर — अशा तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. नळावर झिंज्या धरणाऱ्या, दुकानातून काहीबाही उचलणाऱ्या. लोक त्यांना वाया गेलेल्या म्हणत. मी म्हणत नसे. राग आला की हात उचलायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. बोलायचं कसं, ते कुणी शिकवलं होतं?

मी शिकवलं. दोघी भांडल्या की त्यांना समोरासमोर बसवायचं आणि एकीनं दुसरीची बाजू मांडायची, ती स्वतःच दुसरी असल्यासारखी. सुरुवातीला नुसत्या नकला व्हायच्या. “मी यशोदा! माझा बाप मुकादम, म्हणून नळपण माझ्या बापाचा!” बाकीच्या हसून लोळायच्या. पण तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज बदलायचा, आणि खरं बाहेर यायचं. शेवटी जिची चूक तिनं मान वर ठेवून एकदाच म्हणायचं — माझं चुकलं. रडायचं नाही. आणि जिची चूक नाही तिनं ते कधीच म्हणायचं नाही, समोर कोणीही असो. हा नियम मी पोरींकडून घोकून घेतला होता.

हिरा त्यांतली सगळ्यांत तापट. मागच्या चाळीतली, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातली. वर्षभरात अशी बदलली की भांडण सोडवायला मुली माझ्याआधी तिला हाक मारायच्या. एका प्रसूतिगृहात तिला मदतनीस म्हणून घेणार होते. वर्तणुकीबद्दल मंडळाचं पत्र हवं होतं, आणि आमचे सेक्रेटरी अण्णा ते देणार होते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मोर्चाच्या आदल्या दिवशी रंगवलेला मोठा कापडी फलक खोलीत वाळत पडला होता. मालन — अण्णांची पुतणी — फुगडी घालताना भेलकांडली आणि तांबड्या रंगाचा डबा फलकावर उपडा झाला. मी दारात होते. मी पाहिलं. हिरा धावली, डबा उचलला, फडक्यानं पुसायला लागली — म्हणून रंग तिच्याच हातांना. तेवढ्यात अण्णा आले.

“हीच ना ती मागल्या चाळीतली? वाटलाच होता माका!”

मालन भिंतीकडे सरकली. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी काय केलं? थांबा, नीट सांगते. पुतणीचं नाव घेतलं तर अण्णा बिथरणार, खोली जाणार, वर्ग बंद. हिराला ओरडा बसेल आणि विषय मिटेल. एवढं सगळं सुचायला मला एक क्षण पुरला. मी हिराला म्हटलं, “म्हण.”

“बाई, मी नाय केलं.”

“म्हणून टाक, हिरा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अण्णांकडे वळली. मान वर, डोळे कोरडे. “माझं चुकलं.” एकदाच. मी शिकवलं होतं तस्संच.

पत्र मिळालं नाही. असल्या मुलीची हमी मंडळ कशी घेणार, असं अण्णा म्हणाले. तेव्हा तरी बोलता आलं असतं की! खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “खरं आहे तुमचं.” मोर्चात हिराचा बाप माझ्या पुढच्याच रांगेत घोषणा देत चालला होता. मीही देत होते — मोठ्यानं.

काळच तसा होता, असं मला कुणी सांगू नका. ‘म्हण’ हे काळ म्हणाला नाही, मी म्हणाले. एका मुलीपायी बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं होतं का? वर्ग टिकला, हे खरं. एक पोर आज नर्सिंग शिकते आहे, हेही खरं. त्या वर्गाची मला लाज नाही, आणि ती कुणी मला वाटायला लावू शकणार नाही. पण त्यानं हिराचं काय भलं झालं? काहीच नाही. अण्णांनी हे वाचलं तर वाचावं. मालनला वाईट वाटलं तर वाटू दे.

आठवड्याभरात वर्गातल्या दुसऱ्याच दोघींचं भांडण झालं. नेहमीसारखं समोरासमोर बसवलं. यशोदानं विचारलं, “बाई, माझं चुकलं कोणी म्हणायचं? जिनं केलं तिनं, का तुम्ही सांगाल तिनं?” कुणी हसलं नाही. मी तिला गप्प बसवलं आणि सुया वाटल्या.

हिरा पुन्हा वर्गात आली नाही. गेल्या वर्षी लग्न होऊन शीवला गेली, असं कानावर आलं. त्याआधी दीड वर्ष ती इथंच होती. मागची चाळ, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. माझ्या दारापासून चालत चार मिनिटं. मी एकदाही गेले नाही.