नेव्ह क्विल्टीचे बुधवार

नेव्ह क्विल्टीने चाळीस वर्षं मेंढ्यांच्या लोकरीची प्रतवारी केली. कातरलेली लोकर टेबलावर पडली की हा चिमूटभर ओढून पाहायचा आणि सांगून टाकायचा: ही वरची, ही दुय्यम. उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. अशा माणसाने म्हातारपणी धरलं काय, तर गावच्या शाळेत नीतीचा तास, जिथे शिकवणाऱ्याने स्वतःचं मत उच्चारायचंसुद्धा नाही! धर्माच्या तासाला ज्यांना घरच्यांनी घातलेलं नाही ती मुलं गोल करून बसतात. नेव्ह छापील गोष्ट वाचतो, छापील प्रश्न विचारतो आणि मग जीभ आवरून ऐकत राहतो. दर बुधवारी, फुकट, अकरा वर्षं.

यंदा मात्र त्याला सुटायचं होतं. धाकटा भाऊ अर्नी समुद्रकाठी एकटा राहतो आणि त्याची नजर चालली आहे. "दिसतंय तोवर ये रे," तो चौथ्यांदा म्हणाला होता. "दोन खुर्च्या, दोन गळ. आणखी काय लागतं आपल्याला?" नेव्ह दर वेळी म्हणायचा, पुढच्या वर्षी. तो गेला की तास बंद पडणार आणि मुलं पुन्हा वाचनालयात चित्रं रंगवत बसणार, हे त्याला ठाऊक होतं.

या बुधवारी तास सोडतोय हे सांगायचंच, असं अर्नीला कबूल करून तो शाळेत आला, तर बर्निसने त्याला दंडाला धरून सभागृहात नेलं. बर्निस या तासांची व्यवस्था बघते, तीही बिनपगारी. आत टेबलावर चहा आणि खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, भिंतीवर त्याचं नाव, आणि साठेक पालक टाळ्या वाजवत उभे. राज्यातल्या उत्कृष्ट स्वयंसेवकांत यंदा नेव्ह क्विल्टी!

"बर्निस, मला जरा बोलायचंय तुझ्याशी."

"भाषण नंतर कर!" ती लोकांकडे वळली. "नेव्ह नसता तर हा तास केव्हाच बुडाला असता. आणि ऐका, पुढच्या वर्षी तो सहावीचाही वर्ग घेणार आहे! घेशील ना रे?"

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. साठ माणसं बघत होती. भीड भिकेची बहीण, पण ती अशी भरसभेत गळ्यात पडली की माणूस करणार काय?

"घेईन की," नेव्ह म्हणाला. हातात काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं. टाळ्या काही थांबेनात.

लगेच तास होता. आजची गोष्ट एका बेटावरची. तिथे नाव चालवणारी एकच बाई. ती दमली आहे, पण थांबली तर मुलांची शाळा बुडेल. गोष्ट नेव्हने निवडली नव्हती, पण ती दमली आहे ही ओळ त्याने दोनदा वाचली.

"मग काय, मरेपर्यंत तिनं वल्हंच मारायचं?" एक पोरगा म्हणाला. सगळे हसले.

समोरचा दात पडलेल्या टेगनने हात वर केला. "तिनं दुसऱ्या कुणाला का नाही शिकवलं?"

"ते गोष्टीत दिलेलं नाही."

"म्हणजे नसेलच शिकवलं. मला वाटतं, आपल्यावाचून कुणाचं चालत नाही हे तिला आवडत असणार."

"कुणाचं वेगळं मत?" नेव्हने छापील प्रश्न विचारला. कुणाचंच नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं, मिस्टर क्विल्टी?"

"मी माझं मत सांगत नाही, माहितीये ना?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला तो नियम बरा वाटला.

कारण दोन वर्षांपूर्वी याच टेगनच्या आईने, तिचं नाव जोडी, त्याला फाटकापाशी गाठलं होतं. "मलाही घ्यायचाय हा तास. दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं ना? कुणाला भेटू?" नेव्हने तिला नखशिखांत न्याहाळलं होतं. पोरसवदा, उगाच खिदळणारी. "अवघड असतं गं ते. कळवतो मी," म्हणाला, आणि बर्निसपाशी अवाक्षर काढलं नाही. दुय्यम ठरवून बाजूला टाकली होती तिला.

तास संपल्यावर तो सभागृहात गेला. जोडी कप गोळा करत होती.

"जोडी, मागे तू विचारलं होतंस... अजून इच्छा आहे?"

"तेव्हा किती वाट बघितली मी तुमच्या फोनची!" ती हसली. "आता बुधवारी औषधाच्या दुकानात कामाला असते हो."

"मग आज इथे कशी?"

"आज मुद्दाम रजा काढली. टेगन म्हणाली, मिस्टर क्विल्टींचा मोठा दिवस आहे, चल."

नेव्हला तिच्याकडे बघवेना. तो गाडीत जाऊन बसला. चौकट शेजारच्या सीटवर ठेवली. फोन वाजला.

"सांगितलंस?" अर्नीने विचारलं.

"मला बक्षीस मिळालं, अर्नी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे यंदाही नाही," अर्नी म्हणाला. "असू दे. काय लिहिलंय त्यावर? वाचून दाखव लेका. फोटो नको पाठवूस, मला आता अक्षरं लागत नाहीत."

नेव्हने चौकट मांडीवर घेतली आणि सगळं वाचून दाखवलं, खालच्या तारखेसकट.