जेवणानंतरची पुडी

त्या प्रकरणाची फाईल कोर्टात गेली, मी निवृत्त झालो, तरी ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. जावं असं मला वाटतही नाही.

जळकोट भागात मी ठाणे प्रभारी होतो. गावाबाहेर रस्त्याला लागून एक निसर्गोपचार केंद्र होतं. चालवणाऱ्याला सगळे 'गुरुजी' म्हणत. मातीचे लेप, उपास, दुधीचा रस, सकाळचं ऊन. भोकरपासून औशापर्यंतची माणसं जीप करून येत. सांधेदुखीवर गुरुजींची एक पुडी होती, तिच्यावर लोकांचा भारी भरवसा. दर रविवारी गुरुजी भाषण करत आणि डॉक्टरांना झोडपून काढत. 'गोळी म्हणजे विष' हे त्यांचं पालुपद.

खबर एका शिक्षकाने दिली. गुरुजींच्या सांगण्यावरून त्याच्या भावाने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि महिन्याच्या आत त्याला लकवा मारला. फिर्याद घेतली, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सोबत नेलं, पंच बोलावले. पोतंभर पुड्या जप्त केल्या, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले, केंद्राला सील ठोकलं, फाटकावर होमगार्ड बसवला, गुरुजींना अटक केली. असल्या उपचारांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट. सगळं थोतांड, असं पंचनाम्याच्या आधीच ठरवून मी मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'पुडी खाऊ नका' या माझ्या आवाहनासोबत माझा फोटो आला. तो मी कापून ठेवला, हेही सांगून टाकतो.

त्याच दिवशी बाजारातला एक म्हातारा शिंपी ठाण्यात आला. सगळे त्याला मास्टर म्हणत.

"साब, मेरे हातां अकड गये थे. दुकान बंद पड गई थी. इस पुडी से फिर कैंची पकड्या मैं. केंद्र बंद नक्को करो."

मी त्याला खुर्ची दिली आणि वर उपदेशही दिला. "मास्टर, फसवलंय तुम्हाला. आजपासून त्यातला एक कण खायचा नाही." त्याने खिशातून उरलेल्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. मी त्या मुद्देमालात जमा केल्या. भला माणूस. पोलिसाचा शब्द त्याने पाळला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी नांदेडच्या एका दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. मास्टर तिथे बेशुद्ध होता. उलट्या झालेल्या, सलाईन चालू असूनही रक्तदाब वर येत नव्हता. "ती पुडी कशाची होती? घरचे शपथेवर सांगतात, इंग्रजी औषधाला दोन वर्षांत हात लावला नाही."

प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो माझ्या कोठडीत मांडी घालून बसला होता.

"सुंठ, हळद, अश्वगंधा," गुरुजी म्हणाले. "सगळा निसर्ग."

तास गेला. खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा कमी बोलायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मी आवाज चढवला, टेबल आपटलं. ढिम्म.

गाठ सोडवली ती आमच्या महिला शिपायाने. जप्त केलेली पथ्याची पत्रकं ती यादीला लावत होती.

"साहेब, हे बघा की. रस अनशापोटी, काढा अनशापोटी, लेप बी अनशापोटी. ही पुडीच तेवढी पोटभर जेवल्यावर कशापायी? आन खाली लिवलंय, एक दिवस चुकवू नये. माझ्या बापाला दम्याच्या गोळ्या हायत. डॉक्टर अगदी असंच सांगत्यात."

मी ते पत्रक गुरुजींपुढे धरलं आणि तोच प्रश्न विचारला. अक्षर त्यांचंच होतं.

"मास्टर मरतोय, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी पाणी मागितलं. "स्टेरॉइडची गोळी हाय त्यात. कुटून, सुंठीत मिसळून." मग मान खाली घालून म्हणाले, "आधी न्हवतो टाकत, साहेब. माती, उपास, एवढंच. गुण त्यानं बी येतो. पन निसर्गाला येळ लागतो, अन् लोकांना दम निघत न्हाई."

मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी तेच औषध शिरेतून सुरू केलं. संध्याकाळी मास्टरने डोळे उघडले. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं: ती गोळी बरेच दिवस घेतली की शरीर तसलंच स्वतःचं द्रव्य तयार करणं सोडून देतं. ती थोडी थोडी कमी करायची असते, एकदम थांबवली तर माणूस कोसळतो.

"एकदम बंद करायला कुणी सांगितलं यांना?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे पेशंट?"

केंद्राच्या रजिस्टरमध्ये दीडशेच्या वर नावं होती. ठाण्यातल्या सगळ्या मोटारसायकली बाहेर काढल्या, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिले. पुडी घेणाऱ्या प्रत्येकाला सरकारी दवाखान्यात पोचवा. बहुतेक जण सापडले. काहींनी पुड्या लपवून ठेवल्या होत्या आणि गुपचूप खाणं चालूच होतं. माझं न ऐकल्यामुळे ते वाचले.

एका वाडीत मी स्वतः गेलो. अंगणात डोकं भादरलेला एक शेतकरी बसला होता. रजिस्टरमधलं नाव त्याच्या आईचं होतं.

"आई परवा गेली, साहेब. अंगात तरानच न्हाई म्हनायची. मी दोनदा फाटकावर जाऊन आलो पुडीसाठी. होमगार्ड म्हनला, साहेबाचा हुकूम हाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "चांगली हिंडत फिरत व्हती. तोंडावर मास बी चढलं व्हतं. एकाएकी काय झालं असंल तिला?"

मी म्हणालो, "वय झालं होतं माउलीचं."

त्याने मान हलवली आणि जीपपर्यंत मला पोचवायला आला. जबाबासाठी नेलेला कागद मी कोराच परत आणला.

लोक मला अजूनही विचारतात, निसर्गोपचार खरा की डॉक्टर? मी सांगतो, मातीच्या लेपाने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही आणि मास्टर वाचला तो डॉक्टरांच्या औषधाने. उपचार कुठलाही घ्या, पोटात काय जातंय ते तुम्हाला खरं सांगणारा माणूस पाहिजे. आणि अधिकाऱ्याने एखादी गोष्ट बंद करण्याआधी, ती बंद झाल्यावर काय होईल हे जाणकाराला विचारावं. आरोग्य अधिकारी त्या दिवशी माझ्या शेजारीच उभे होते. मी विचारलं नाही.

दोषारोपपत्रात एकच आरोपी होता. म्हातारीचं नाव त्यात कुठेही नाही, कारण फिर्याद नाही, शवविच्छेदन नाही. गुरुजींकडून खरं वदवून घ्यायला मला एक दिवसही लागला नाही. त्या म्हातारीच्या मुलाला खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही.